तपकिरी पक्ष्याचा पुरावा

वर्सोव्याच्या खाडीकाठी तिवरांत काढलेला एक फोटो गेली तीन वर्षे माझ्याकडे नावाविना पडून आहे. पक्षी वटवट्या, एवढे नक्की. पाठ तपकिरी, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर पुसट भुवई. ब्लिथचा म्हणावा, तर शेपूट गोलसर हवी. साइक्सचा म्हणावा, तर शेपटीच्या कडा फिकट हव्यात. शेपूट नेमकी पानाआड गेलेली. रंगावर विसंबावे, तर कोवळ्या उन्हात सगळेच वटवटे सोनेरी दिसतात.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनच्या पाहणीत त्याने पक्षीही जमवले आणि १८३२ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांची यादी मांडली. तीत या वटवट्याला त्याने ‘रामा’ हे नाव दिले. पुढे त्याला बूटेड वटवट्याची उपजात मानले गेले; स्वतंत्र जात म्हणून मान्यता अलीकडची. साइक्सच्या हाती निदान कातडे होते. पट्टी लावून चोच मोजता येत होती.

पण कातडे हाती असूनही फसगत होते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने (होय, तोच काँग्रेसवाला) १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात एक वटवट्या टिपला. लांब चोच, आखूड गोलसर पंख. त्या एकाच नमुन्यावरून नवी जात मानावी की नाही, याबद्दल शतकाहून अधिक काळ शंका राहिली. २००२ साली डीएनए तपासणीने ती फिटली. २००६ च्या मार्चमध्ये थायलंडमध्ये जाळ्यात असाच एक जिवंत पक्षी सापडला. मग इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहातील खण पुन्हा उघडले, तेव्हा ब्लिथचा वटवट्या म्हणून चिठ्ठी बांधलेल्या कातड्यांतूनही हाच निघाला! चिठ्ठी चुकली होती, पण पंख शाबूत होते. म्हणून चूक सुधारता आली.

फोटोत ती सोय नाही. पंखातली कुठले पीस कुठल्या पिसाहून किती लांब, हे मिटल्या पंखावरून क्वचितच मोजता येते. चोच जरा कॅमेऱ्याकडे वळली की आखूड दिसते. आणि ब्लिथच्या वटवट्याची ती कोरडी ‘टक्‌, टक्‌’ फोटोत येत नाही. झुडपात शोधताना मला तर आधी तीच कळते. आपण मात्र फोटोला घाईने नाव देतो, ते नाव नोंदीत जाते, आणि पुढचा माणूस त्या नोंदीवरून हिवाळी पाहुण्यांचा नकाशा काढतो.

माझ्या फोटोखाली मी आता लिहिले आहे: वटवट्या, जात अनिश्चित, वर्सोवा, शेपूट दिसत नाही, आवाज ऐकला नाही. थंडी पडली की त्याच तिवरांपाशी ध्वनिमुद्रक घेऊन बसणार आहे.