जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवलं, पण बॉनेटच लागेना! मग उपाय काय?

जुनी क्लासिक गाडी आणि तिच्यात जास्त ताकदीचं इंजिन, हे अनेक हौशी गाडीप्रेमींचं स्वप्न असतं. इंजिन आत उतरतं, बोल्ट आवळले जातात, वायरिंगही होतं. शेवटी बॉनेट खाली घ्यावं तर ते दोन बोटं वरच अडकतं! जोर लावला तर पत्र्याला पोचा येतो. पत्रा बॅटरीच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्टसर्किट होऊन आगही लागू शकते.

अशा वेळी पहिला विचार येतो तो बॉनेट कापण्याचा. खरं तर तो शेवटचा उपाय असायला हवा. का ते समजून घ्यायचं असेल, तर एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची गोष्ट पाहू.

गाडी एक, इंजिनं तीन

एमजीबी १९६२ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यात १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. १९६७ मध्ये कंपनीने याच बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि गाडीला नाव दिलं एमजीसी. हे इंजिन लांब आणि उंच होतं. त्यामुळे बॉनेटला मोठा फुगवटा द्यावा लागला, शिवाय कार्ब्युरेटरसाठी एका बाजूला आणखी एक छोटा उंचवटा. पुढचं सस्पेन्शनही बदलावं लागलं. गाडीचं नाक जड झालं, वळणावरच्या तिच्या वागण्यावर टीका झाली आणि १९६९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

पुढे केन कॉस्टेलो या इंग्लंडमधल्या रेसिंग ड्रायव्हरने एमजीबीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ इंजिन बसवून दाखवलं. ॲल्युमिनियमचं असल्याने ते वजनाला हलकं होतं. पण कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर, म्हणून बॉनेटला पुन्हा फुगवटा!

१९७३ मध्ये कंपनीने स्वतः एमजीबी जीटी व्ही-८ आणली. इंजिन रोव्हरचंच, पण यावेळी वेगळा इनटेक मॅनिफोल्ड तयार करून दोन्ही कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला नेले. नेहमीचं सपाट बॉनेट व्यवस्थित बसलं. फरक पडला तो फक्त इंजिनावरच्या भागांच्या मांडणीमुळे.

आधी मोजमाप

नेमकं काय आणि किती अडतंय, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी कणकेचे किंवा मुलांच्या क्लेचे गोळे एअर फिल्टर, कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या इतर उंच भागांवर ठेवायचे. वर प्लास्टिकचा कागद टाकायचा, बॉनेट अलगद खाली आणायचं आणि पुन्हा उघडायचं. गोळा जिथे सर्वात जास्त चेपला, तिथे अडचण.

बॉनेट लागलं म्हणजे काम झालं असंही नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच ते एका बाजूला कलतं. म्हणून बॉनेट आणि इंजिन यांच्यात साधारण एक इंच, म्हणजे २५ मिमी मोकळी जागा ठेवलेली बरी.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

१. वरचे भाग बदला. एअर फिल्टरचा डबा उंच असेल तर कमी उंचीचा किंवा तळ खाली उतरलेला डबा बसवता येतो. फक्त त्याचं झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या फार जवळ येऊ देऊ नये, नाहीतर इंजिनाला हवा कमी पडते. फिल्टर पाइपने बाजूला नेता येतो. कमी उंचीचा मॅनिफोल्ड मिळत असेल तर उत्तमच. यात गाडीच्या मूळ पत्र्याला हातही लागत नाही.

२. इंजिन खाली घ्या. माउंटिंग बदलून इंजिन थोडं खाली बसवता येतं, पण त्याआधी खाली वाकून बघा. ऑइल चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला किंवा स्टिअरिंगच्या भागांना लागत नाही ना? स्पीडब्रेकरवर घासणार नाही ना? इंजिन आणि गिअरबॉक्सचा कोन बदलला की प्रोपेलर शाफ्टचाही कोन बदलतो. तो चुकला तर गाडी थरथरते आणि शाफ्टचे क्रॉस लवकर झिजतात.

३. बॉनेटला सर्वात शेवटी हात लावा. कधी कधी बॉनेटच्या आतली एखादी पट्टीच आडवी येते. ती थोडी कापता येते, पण त्या जागी दुसरा आधार द्यावा लागतो, नाहीतर बॉनेट लवचिक होऊन फडफडतं. एवढ्यानेही भागलं नाही, तर फुगवट्याचा किंवा स्कूपचा पर्याय उरतो. तेव्हा मूळ बॉनेट जपून ठेवावं आणि दुसऱ्या बॉनेटवर काम करावं.

हा शॉर्टकट नकोच

बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बॉनेट मागून उचलण्याची युक्ती अनेक जण करतात. पण त्याने मागच्या भागातच थोडी जागा मिळते. फटीतून पाणी आणि इंजिनाचा वास आत येऊ शकतो. शिवाय लॉक नीट बसलं नाही तर धावत्या गाडीचं बॉनेट उघडून थेट काचेवर आदळू शकतं.

भारतात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा

इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिनाची नोंद आवश्यक आहे. त्यातच २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार, ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. त्यामुळे इंजिन बदलायचं की नाही, हे गाडी गॅरेजात नेण्यापूर्वीच ठरवावं. बदलायचंच असेल, तर जुनं इंजिन भंगारात न देता जपून ठेवावं.