स्वप्नांतील छप्पर

घराचें छप्पर कोसळल्याचें स्वप्न पाहून जागा झालेला मनुष्य बहुधा प्रथम वडिलांच्या प्रकृतीची चौकशी करतो. असें कां व्हावें? आपल्याकडे वडील गेले म्हणजे डोक्यावरचें छत्र हरपलें असें म्हणतात. तेव्हां ही धास्ती भाषेनेंच मनांत पेरलेली आहे, असें आम्हांस वाटतें.

युरोपांत या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत कार्ल आल्बर्ट शेर्नर या जर्मन लेखकाचें नांव घ्यावें लागतें. १८६१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें प्रतिपादिलें कीं, निद्रिताची कल्पनाशक्ति देहाचें चित्र घराच्या रूपानें रेखाटते. डोकें दुखत असेल तर खोलीचें छत किळसवाण्या कोळ्यांनीं भरलेलें दिसतें. छत म्हणजे मस्तक! फ्रॉइडनें १८९९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वप्नविषयक ग्रंथांत हें उदाहरण दिलें. परंतु अर्थ लावण्यापूर्वीं, त्या वस्तूवरून काय आठवतें हें खुद्द स्वप्न पाहणाऱ्यास विचारावें, असा कटाक्ष ठेविला.

आपल्या मत्स्यपुराणांत प्रासादावर आरोहण करणें हें शुभ स्वप्न मानिलें आहे. एकास जें मस्तक, तें दुसऱ्यास उत्कर्षाचें शिखर. मग खानदेशांत उन्हाळ्यांत धाब्यावर निजणारा आणि कोंकणांत गळक्या कौलांखालीं भांडीं मांडणारा, यांच्या स्वप्नांतील छपरांचा अर्थ तरी एकच कसा निघावा? म्हणून स्वप्नफलाची पोथी उघडून भिण्यापूर्वीं वाचकांनीं आपलें घर आठवून पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.