आईला बाहेर थांबवण्याचा इतिहास

माझी मुलगी एकतीस आठवड्यांची असताना जन्मली. वजन १,३४० ग्रॅम. पहिले नऊ दिवस मी तिला फक्त काचेतून पाहिलं. भेटीची वेळ सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. बाकीचा वेळ घरी दर तीन तासांनी पंप लावून बसायचं आणि बाटलीच्या तळाशी जमलेलं दूध मोजायचं. तिसऱ्या दिवशी सात मिली निघालं. नवऱ्याने ते बर्फाच्या डब्यातून दवाखान्यात पोचवलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "दूध उतरत नाही का गं?" मी मान खाली घालायचे.

मी सॉफ्टवेअरवाली. काही बिघडलं की आधी जुने लॉग वाचायचे, ही सवय. रात्री दोन वाजता, पंपाच्या घरघरीत, मी तेच करायला लागले. आई बाहेर आणि बाळ आत, ही रचना मुळात आली कुठून?

गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. स्तेफान तार्निए हे तिथल्या मातेर्निते प्रसूतिगृहातले डॉक्टर. प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचं यंत्र पाहून त्यांना बाळांसाठी तशीच पेटी सुचली, असं सांगतात. १८८०च्या सुमारास ती वापरात आली आणि दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. पण ऊब मिळाली तरी पोट भरायचं कसं? चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण बत्तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो. त्याआधीच्या बाळासाठी तार्निएंनी रबरी नळीतून थेट पोटात दूध सोडायला सुरुवात केली. आज माझ्या मुलीच्या नाकातली बारीक नळी ही त्याच नळीची पणती.

तार्निएंचे शिष्य पिएर ब्युदां यांनी पुढचा प्रश्न पाहिला. १८९५पासून मातेर्नितेतला अशक्त बाळांचा विभाग त्यांच्याकडे होता. बाळापासून तुटलेल्या काही आयांचा त्या बाळातला जीवच उडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून आईने बाळाजवळ राहावं, त्याला आपलं दूध द्यावं, असा त्यांचा आग्रह. आपलं बाळ ओढू शकत नाही तोवर आईने दुसऱ्या पुऱ्या दिवसांच्या धडधाकट बाळालाही पाजावं, म्हणजे दूध टिकतं आणि वाढतं, असं ते सांगत. पंपाचं काम त्या काळी दुसऱ्याचं बाळ करत होतं! त्यांचं 'ल नूरिसाँ' हे पुस्तक १९०० साली आलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर लिहून ठेवलेलं होतं.

मग ते हरवलं कसं? पेटी प्रवासाला निघाली, ब्युदांची शिकवण मागे राहिली. १८९६च्या बर्लिनच्या प्रदर्शनात पेट्यांमधली जिवंत बाळं तिकीट लावून दाखवली गेली. पुढे मार्टिन कूनी यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३पासून १९४३पर्यंत असाच खेळ मांडला. तिकीट पंचवीस सेंट. कूनींना हसणं सोपं आहे, पण ते आईबापांकडून पैसा घेत नसत, दूध पाजायला दाया ठेवत आणि इस्पितळांनी सोडून दिलेली हजारो बाळं त्यांनी जगवली. या सगळ्यात बाळाची आई मात्र प्रेक्षक झाली. नंतर इस्पितळांनी अकाली जन्मलेल्या बाळांसाठी खास विभाग उघडले, तेव्हा जंतुसंसर्गाच्या भीतीने दार आणखी घट्ट लावलं. भीती खोटी नव्हती. पण आईसोबत तिचं दूधही बाहेर राहिलं आणि डब्यातली पावडर आत गेली.

दार पुन्हा उघडलं ते पैसा नव्हता म्हणून. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत आणि संसर्गाने ती दगावत. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सांगितली. तीच ऊब, तिथेच दूध. कांगारू पद्धत ती हीच. आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. महापालिकेचं रुग्णालय, गर्दीचा वॉर्ड आणि एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या बाळाला. ब्युदांच्या विभागात बाळं अदलाबदल होऊन पीत होती, इथे बाटली फिरत होती.

२०२१ साली भारतासह पाच देशांतल्या ३,२११ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलो ते १.७९९ किलो वजनाची बाळं. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता ज्यांना जन्मल्यापासून आईच्या छातीशी ठेवलं, त्यांच्यात पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू १२ टक्के. नेहमीच्या पद्धतीत १५.७. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत न्यावी लागली. बदल तेवढाच.

मी यंत्राविरुद्ध नाही. पेटी आणि नळी नसती तर माझी मुलगी नसती. पण ते सात मिली माझा नाकर्तेपणा नव्हता, हे मला या वाचनाने कळलं. दूध बाळाच्या स्पर्शाने, वासाने, चोखण्याने वाढतं, आणि आम्हा दोघींमध्ये एक काच आणि भेटीचं वेळापत्रक होतं.

दहाव्या दिवशी मी त्या अभ्यासाचं प्रिंटआउट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्या वाद न घालता म्हणाल्या, "खुर्ची नाहीये हो आत." नवऱ्याने घरून घडीची खुर्ची आणली. त्या दुपारी पोरगी दोन तास माझ्या छातीवर झोपली आणि रात्रीच्या पंपात बावीस मिली आलं. चौतिसाव्या आठवड्यात ती पहिल्यांदा अंगावर प्याली, म्हणजे चार-पाचदा ओढलं आणि झोपून गेली. सिस्टरांनी तक्त्यावर लिहिलं, 'स्तनपान, ३ मिनिटं'. खुर्ची आम्ही तिथेच ठेवून आलो. शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई रोज दाराशी उभी असायची.