कोलोरॅडोचे तपकिरी दात

पेनसिल्व्हेनियात दंतवैद्यकीचं शिक्षण आटोपून फ्रेडरिक मॅके १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला आले आणि तिथले दात पाहून चक्रावले. कुणाच्या दातांवर पांढरट ठिपके, कुणाच्या दातांवर चॉकलेटी पट्टे. गावाला त्याचं नवल नव्हतं. कुणी डुकराच्या मांसाला बोल लावी, कुणी नासक्या दुधाला, कुणी पाण्याला. दंतवैद्यकीच्या पुस्तकांत मात्र या डागांविषयी काहीच सापडेना.

पुढे गावातल्या शाळकरी मुलांची तपासणी झाली. तिथेच जन्मलेल्या मुलांपैकी ८७.५ टक्के मुलांचे दात डागाळलेले निघाले. दंतशास्त्रातले तेव्हाचे मोठे नाव, जी. व्ही. ब्लॅक, १९०९ मध्ये मॅके यांच्या आग्रहावरून आले आणि १९१५ मध्ये मरण पावेपर्यंत या प्रश्नात गुंतून राहिले. दोघांच्या हाती दोन गोष्टी लागल्या. दात हिरडीखाली घडत असतानाच त्याच्या एनॅमलमध्ये दोष शिरतो, त्यामुळे कायमचे दात स्वच्छ उगवले तर पुढे असे डाग पडत नाहीत. आणि हे कुरूप दात फारसे किडत नाहीत! दुसऱ्या गोष्टीचा उलगडा व्हायला बराच काळ जायचा होता.

मॅके यांचा संशय पाण्यावर होता. १९२३ मध्ये आयडाहोतल्या ओकली गावच्या आईबापांनी त्यांना सांगितलं की पाच मैलांवरच्या ऊन झऱ्याचं पाणी नळाने आल्यापासून पोरांचे दात डागाळू लागले. मॅके यांनी पाणी तपासलं, पण त्यात वावगं काही दिसेना. तरीही त्यांनी ती नळयोजना बंद करायला सांगितलं. गावाने ऐकलं, जवळचा दुसरा झरा धरला, आणि काही वर्षांनी लहान मुलांचे नवे दात स्वच्छ उगवले. कारण हाती नसताना एका गावाने एवढा विश्वास टाकला, ही या इतिहासातली सर्वात मोलाची गोष्ट मानावी लागेल.

कारण सापडलं ते आर्कान्सामधल्या बॉक्साइट या अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या गावामुळे. तिथल्या मुलांचेही दात तसेच होते. पाच मैलांवरच्या गावात मात्र एकही डाग नव्हता. अ‍ॅल्युमिनियमची भांडी विषारी असतात अशी ओरड तेव्हा चालू होती. हे दात त्या ओरडीला पुरावा ठरतील, अशी धास्ती कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना वाटली. त्यांनी पाण्याची बारीक तपासणी करवली. उत्तर आलं: फ्लोराइड. चर्चिल यांचा विश्वास बसेना. नमुना बिघडला असणार म्हणून त्यांनी नवं पाणी मागवलं. पुन्हा तेच, लिटरमागे १३.७ मिलिग्रॅम. जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी मॅके यांना पत्र लिहून डागांच्या इतर गावांचं पाणी मागवलं. तीस वर्षांच्या शोधाला उत्तर मिळालं.

मग सरकारी आरोग्य खात्याचे ट्रेंडली डीन यांनी गावोगाव फिरून मापं घेतली. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर बहुतेक मुलांच्या दातांवर ठळक डाग पडत नाहीत आणि कीडही कमी होते. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये दातांची कीड ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचं अकरा वर्षांनी दिसलं.

भारताची अडचण नेमकी उलटी. इथे अनेक ठिकाणी जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त. १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातून फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे होणाऱ्या विकाराची, नोंद झाली. तिथे दातांवर भागलं नव्हतं, हाडंही ताठरली होती. पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची तुरटी-चुन्याची स्वस्त रीत नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने बसवली; ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ती ओळखली जाते. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत हा प्रश्न आहे. आपल्या मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालतं.

एकाच हापशावरचं पाणी पिणाऱ्या मुलांचे नवे दात पांढरट वा तपकिरी पट्ट्यांचे दिसले, तर शिक्षकांनी ‘दात घासत नाहीस’ म्हणून त्यांना बोलू नये. त्या हापशाचं पाणी तपासायला पाठवावं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हेही पालकांना सांगावं.