रग्बीतला होलोग्राम आणि पेशीतला उजेड

तुमच्या बँकेच्या कार्डावर हलवलं की बदलणारं एखादं चकाकतं चित्र असेल. तो होलोग्राम. त्याची कल्पना जन्मली आपल्या इथेच, रग्बी गावात, आणि ती होती सूक्ष्मदर्शकासाठी!

डेनिस गाबोर मूळचे बुडापेस्टचे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढे रग्बीच्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत आले. तेव्हाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची भिंगं सदोष होती. १९४७ च्या ईस्टरला गाबोरना सुचलं: उजेड किती आला एवढंच कशाला, लहरींची चालही टिपू, दोष मागाहून काढू. पण त्यासाठी लहरी लेझीम पथकासारख्या एका तालात हव्यात. पाऱ्याच्या दिव्याला तो ताल पुरेसा जमेना. काही वर्षांत काम थंडावलं. आमच्या आयटीत अशा प्रोजेक्टला सहा महिन्यांत कुलूप लागतं.

१९६० मध्ये लेझर आला आणि ताल सापडला. १९६४ मध्ये अमेरिकेत लीथ आणि उपाटनिक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा त्रिमितीय होलोग्राम दाखवला. १९७१ मध्ये गाबोरना नोबेल मिळालं.

जीवशास्त्रज्ञांची अडचण मात्र कायम होती. पेशीतला हवा तो भाग ते चमकणाऱ्या रंगद्रव्याने खुणावतात. यालाच फ्लुओरेसन्स म्हणतात. तिथला प्रत्येक रेणू आपल्या मर्जीने चमकतो, जणू जत्रेतली गर्दी. त्यामुळे खोली मोजायला एकेक थर टिपत बसावं लागतं. त्यात वेळ जातो आणि तीव्र उजेडाने जिवंत पेशीला इजाही होते.

इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठाचे जोसेफ रोझेन आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे गॅरी ब्रूकर यांनी यावर एक साधी वाट काढली. गर्दीतले दोघे एका तालात नसतील, पण प्रत्येकाचा स्वतःशी ताल जुळतोच ना? म्हणून प्रत्येक ठिपक्याचा उजेड दोन भागांत विभागून पुन्हा एकत्र आणायचा. कॅमेरा तीन फोटो घेतो आणि संगणक त्यातून हवा तो थर स्पष्ट करतो. काहीही सरकवावं लागत नाही. २००८ मध्ये त्यांनी अशी परागकणांची चित्रं प्रसिद्ध केली. अर्थात तीन फोटोंच्या मध्ये पेशी हलली, तर चित्र बिघडतं.

गाबोर १९७९ मध्येच गेले होते. पुढच्या वेळी एम-सिक्सवरून रग्बीजवळून जाताना मुलांना हे जरूर सांगा. पुन्हा भेटूच.