सरासरी म्हणजे काठावर पास नव्हे

पुण्यात इंडेक्स फंडाचं, म्हणजे निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणाऱ्या फंडाचं, नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे सरासरीवर समाधान मानायचं?" पंच्याण्णव मार्क मिळाले तरी 'पाच कुठे गेले?' विचारणारं गाव हे, प्रश्न यायचाच. मग आजोबांचे बजाजचे शेअर निघतात आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य येतं: "ते अमेरिकेत ठीक आहे हो, आपल्याकडे हुशार फंड मॅनेजर बाजाराला हरवतो."

या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण एके काळी ते बऱ्याच अंशी खरं होतं. फक्त मोजपट्टी सैल होती. लार्ज कॅप म्हणवणाऱ्या फंडात मिड कॅप शेअर बिनदिक्कत भरता येत. शिवाय तुलना व्हायची ती नुसत्या निर्देशांकाशी. त्यात कंपन्यांचा लाभांश धरलेला नसतो, फंडाच्या एनएव्हीत मात्र तो येतो. निफ्टीवरचा लाभांश वर्षाला साधारण सव्वा टक्का. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच मॅनेजर तेवढा पुढे उभा. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये लार्ज कॅप फंडांना ८० टक्के पैसा पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवायला लावला आणि फेब्रुवारी २०१८ पासून लाभांशासकटच्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी, तुलना सक्तीची केली. फंडांची निर्देशांकाशी तुलना करणारे त्यानंतरचे स्पिव्हाचे अहवाल काढून बघा: पाच-दहा वर्षांच्या मुदतीत निम्म्याहून जास्त लार्ज कॅप फंड मागे पडलेले बहुतेक वेळा दिसतील.

मॅनेजर एकाएकी मठ्ठ झाले असं नाही. विल्यम शार्प यांनी १९९१ साली सांगितलेला हिशेब इथेही लागू आहे: सगळे गुंतवणूकदार मिळूनच बाजार बनतो. एकाने बाजारापेक्षा जास्त कमावलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं कमी झालेलं असतं. खर्च मात्र दोघांनाही चुकत नाही. "आमचा मॅनेजर नवख्यांकडून कमावतो," हे उत्तर स्मॉल कॅपमध्ये थोडंफार चालेल. लार्ज कॅपमध्ये समोर एलआयसी, परदेशी संस्था आणि त्याच्यासारखेच दुसरे मॅनेजर बसलेले असतात.

आता खर्चाचं बघू. महिना १० हजारांची एसआयपी, मुदत २० वर्षं. परतावा १२ टक्के धरला तर जवळपास एक कोटी होतात. त्यातला एकच टक्का दरवर्षी खर्चात गेला, तर ८७ लाख. एकूण भरलेले पैसे २४ लाख आणि फरक साडेबारा लाखांचा! ज्या वर्गात फीपोटी प्रत्येकाचे मार्क कापले जातात, तिथे जवळपास न कापलेली सरासरी मिळवणारा पोर पहिल्या बाकावरच बसतो.

राहिले आजोबा. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण १९८६ साली सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि हिंदुस्तान मोटर्सही होत्या. त्यांचे शेअर कवटाळून बसलेले आजोबाही असतीलच. त्यांच्या गोष्टी श्रावणी सोमवारच्या पंगतीत कुणी सांगत नाही. निर्देशांकानेही चुकीची माणसं घरात घेतली: सत्यम होती, येस बँक होती. जानेवारी २००९ मध्ये सत्यम आणि मार्च २०२० मध्ये येस बँक निफ्टीतून गेली. तोटा झाला, पण पन्नासातल्या एकीचा. आणि निफ्टी घेतला की बजाज ऑटो त्यात येतेच.

एक मात्र बजावून सांगतो. हल्ली संरक्षण, पर्यटन असल्या एकेका विषयाचे 'इंडेक्स फंड' विकायला येतात. नाव इंडेक्सचं, पैज मात्र बाजाराला हरवण्याची, तीच जुनी. त्यांची वकिली मी करत नाही.

भोसरी-चाकणच्या ज्या कामगारांचा पीएफ सरकारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जातो, त्यांच्या पैशाचा एक हिस्सा ऑगस्ट २०१५ पासून मुख्यतः सेन्सेक्स आणि निफ्टीच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारखी खरेदी-विक्री होणाऱ्या इंडेक्स फंडांत, गुंतवला जातो. इंडेक्सवाले ते केव्हाच झाले आहेत.