लागलेले वेड, पांघरलेले वेड

मराठीत वेड ‘लागते’. तहान लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तसेच. ‘त्याला वेड लागले’ म्हणताना त्याने काही केले असे आपण म्हणतच नाही. पण तेच वेड कुणी ‘पांघरले’ की कर्तेपण माणसाकडे येते. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला आपण हसतो, पण सोडत नाही. हे पेडगाव श्रीगोंदे तालुक्यातले, भीमाकाठचे. तिथल्या बहादूरगडावरच्या मोगल सरदाराला मराठ्यांनी हुलकावणी दिली, त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला अशी आख्यायिका आहे.

‘वेड’ला जुना सोबती आहे ‘पिसे’. तो आला ‘पिशाच’ या शब्दावरून. पिसा म्हणजे मुळात पिशाचाने धरलेला. यात रुग्णाला दोष नाही, पण सुटकाही नाही. उपाय शोधायचा तो देवऋष्याच्या अंगणात. ‘देवपिसा’ मात्र आदराचा शब्द. धरणारा देव असला की तेच पिसे भक्ती ठरते.

चरकसंहितेला हे भुताचे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. आगंतु, म्हणजे बाहेरून आलेला, उन्माद ती मानते, पण निदानस्थानात बजावते की माणूस स्वतःच्या कर्माने आधी क्लेशात सापडलेला नसेल, तर देव, गंधर्व, पिशाच, राक्षस त्याला पीडा देत नाहीत. सुखदुःखाचा कर्ता त्याने स्वतःलाच मानावे. मुळाशी असतो ‘प्रज्ञापराध’, बुद्धीची चूक. भूत मागे सरले हे चांगलेच झाले, पण शब्दात ‘अपराध’ येऊन बसला. आजही नैराश्याने अंथरुणाला खिळलेल्या मुलीला घरचे सांगतात, “मनावर घेतलंस तर उठशील.” लागलेल्या आजाराला पांघरलेला ठरवायला एवढे एक वाक्य पुरते.

मग जबाबदार कोण? ‘जबाबदार’ म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे तो. ‘जवाब’ अरबी, ‘दार’ फारसी. ‘जाब विचारणे’तला जाबही तोच. कायदाही जाब विचारण्याआधी, उत्तर देण्याजोगे भान होते का, हेच पाहतो. १८६० च्या दंड संहितेचे कलम ८४ आज भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून आहे. मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा असल्याचे, त्या क्षणी कळत नसेल तर तो गुन्हा नव्हे. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी इथे पुरत नाही. दुसऱ्या बाजूने २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला विकल मनाचे मानू नये. म्हणजे आजारी असूनही माणूस सही करू शकतो, उपचार निवडू शकतो, आणि जाबही देऊ शकतो.

‘रुग्ण’ शब्दाचा धातू ‘रुज्’, म्हणजे मोडणे. मोडलेल्या पायाला कुणी ‘चाल’ म्हणत नाही. पण प्लास्टर उतरल्यावर व्यायाम त्या माणसालाच करावा लागतो.

अवघड जागा यापुढे आहे. “त्याने गोळ्या सोडल्या,” घरचे म्हणतात. ‘सोडणे’ला कर्ता लागतो, म्हणून दोषही लगेच त्याच्या नावे पडतो. पण स्किझोफ्रेनियात आपण आजारी आहोत हेच न कळणे बहुधा आजाराचाच भाग असतो. गोळ्यांनी हात थरथरतात, वजन वाढते, दिवसभर झापड येते; कधी महिन्याच्या औषधाला पैसे नसतात. अशा वेळी ‘सोडल्या’ आणि ‘सुटल्या’ यांतला फरक विचारून घ्यायला हवा. सोडल्या असतील तर त्याला, बरा असताना, जाब विचारता येतो. तसा तो विचारणे हाही त्याला माणूस मानण्याचाच भाग. सुटल्या असतील तर जाब घराला, दवाखान्याला आणि सरकारला द्यावा लागेल.